कंपनी फिटिंग

सेनगाव तालुक्यातल्या ज्या घरात मी नांदायला आले, तिथं देवाच्या खालोखाल मान होता तो ‘कंपनी फिटिंग’ला. म्हणजे वस्तू कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे. मोटरसायकलच्या सीटवरचं प्लास्टिक फाटून लोंबत होतं, तरी ते काढायचं नाही. ट्रॅक्टरला साधा टेप बसवू दिला नाही सासऱ्यांनी. “हात लागला की माल उतरला,” म्हणायचे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

दोन हजार साल उलटलं आणि हळद चांगली गेली त्या वर्षी मामांनी कॉम्प्युटर घेतला. कशाला घेतला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. जवळच्या गोरेगावच्या बाजाराला आलेला पाहुणा घरी टेकला की चालू करून दाखवायचा, पडद्यावर हिरवी टेकडी दिसली की बंद करायचा. मी लग्नाआधी वसमतला क्लास केलेली बाई, आणि मलाच त्याला बोट लावायची बंदी. जीव नुसता जळायचा.

मग हिंगोलीत एका संस्थेला मराठी टायपिंग करणारी बाई पाहिजे, असं आमच्या मालकांनीच, म्हणजे नवऱ्यानं, माझ्या कानावर घातलं. परीक्षा पास झाले तर रोज सकाळी जीपनं हिंगोली. चूल, गोठा, मामा खाकरले की पदर सावरणं, या सगळ्यातून दिवसभराची सुटका. पण आमच्या कोऱ्या मशीनमध्ये मराठी नव्हतीच. मालकांनी कुठून तरी सीडी पैदा केली, मी ती टाकली. मामा शेतात गेले आणि लाइट असली की हे वाचायचे आणि मी कीबोर्ड बडवायची. “आता चूक न्हाई होऊन राहिली तुझी,” म्हणायचे. त्या घरात मी एवढी हसले ती तेव्हाच.

मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण गोठ्यातली जनावरं ओळखावीत तशी पडद्यावरची चित्रं ते ओळखून होते. एका दुपारी पाहुण्यासमोर मशीन चालू केली आणि थबकले.

“हे नवीन काहून दिसून राहिलं?”

मामांनी हिंगोलीहून कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं पाहिलं आणि हसला.

“मामा, यानं मशीनला काही तकलीफ नसते. मराठी टायपिंगचं आहे हे. घरात कुणी शिकून राहिलं का? मग राहू द्या की.”

मामांनी मालकांकडे पाहिलं. मी आतल्या दारात उभी होते. परीक्षा तोंडावर आली होती. मला वाटलं, आता हे बोलतील. एवढंच म्हणायचं होतं, की तिला लागतं.

“कुणी न्हाई शिकत,” मालक म्हणाले. “जसं होतं तसं करून टाका.”

त्या माणसानं सगळं पुसून मशीन परत कोरी केली. मामा खूश झाले, त्याला जेवायलाच बसवलं. तो गेल्यावर मालक चुलीपाशी येऊन म्हणाले, “घरात वाद काहून वाढवायचा? तू समजून घे.”

मी मान हलवली. परीक्षेच्या दिवशी मी घरातच भाकरी थापत होते. मामांशी मी भांडले असते, एखाद्या दिवशी पिशवी घेऊन तडक जीपमध्ये जाऊनही बसले असते, कारण मागं हे उभे आहेत असं मी धरून चालले होते. आता भांडायचं तरी कुणाच्या जिवावर?