बकुळीची उत्तर बाजू

काल सकाळी नांदेडच्या बागेत बकुळीला पालवी दिसली आणि मी तिथंच दगडावर मटकन बसलो. अडीच महिने याच पालवीची वाट बघत होतो... सुटलो एकदाचा.

सांगतो. शहरातल्या एका निजामकाळच्या बागेच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आहे आणि मी तिथला साइट इंजिनीअर. मातीने बुजलेला जुना दगडी हौद मोकळा केला, तर काठावरच्या बकुळीची मुळं थेट त्याच्या भिंतीत घुसलेली. सगळे म्हणाले, तोडा.

मी भर मीटिंगमध्ये सांगून बसलो की झाड हलवू, मेलं तर जबाबदारी माझी. जीभच तशी आहे माझी, काय करणार... आमचे मालक म्हणाले, बघा बरं, मग नोकरीचं मला विचारू नका.

मोठं झाड हलवताना एक पथ्य असतं. उत्तरेकडची बाजू नव्या जागीही उत्तरेलाच आली पाहिजे, नाहीतर सावलीत वाढलेली साल उन्हात येऊन करपते. म्हणून मी खोडाच्या उत्तर अंगाला गेरूची ठळक रेघ मारली, फांद्या छाटल्या, मुळांभोवती चर खणले आणि क्रेनने झाड काढलं.

नव्या खड्ड्यात नेमका कातळ लागला. मग तो फोडेपर्यंत मुळांना गोणपाट बांधून झाड चार दिवस बाजूला उभं केलं आणि मी दोन दिवस लातूरला घरी जाऊन आलो.

तेवढ्यात कुणी मोठे साहेब पाहणीला येणार अशी खबर आली. आता आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की काय होतं, तुम्हाला माहीतच आहे... झाडं रंगतात. आमच्या मुकादमाने बागेतल्या एकूण एक झाडाला खाली गेरू, वर चुना फासला. गोणपाटात बांधून ठेवलेल्या बकुळीलासुद्धा!

साहेब आलेच नाहीत. मी आलो तर रेघ गायब. खरवडून बघितलं तर गेरूखाली गेरूच. फोनमधले फोटो काढले, तर सगळे मुळांचे आणि चरांचे. मुकादमाला नाही नाही ते बोललो, पण त्याने रेघ थोडीच परत येणार होती. क्रेन दारात उभी, आणि झाडाची उत्तर बाजू कुठली ते कुणालाच सांगता येईना.

बागेत अठरा वर्षं झाडलोट करणाऱ्या शोभामावशी हे सगळं बघत होत्या. रोज मुदखेडहून रेल्वेने येतात, फारसं बोलत नाहीत. त्या पुढे आल्या, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि खोडावरच्या एका खुंटावर हात ठेवला. म्हणाल्या, "ह्याला मी पिशवी अडकवते. फाटकातून आत आलं की समोर दिसायची."

फाटक पूर्वेला. म्हणजे जुन्या जागी खुंट पूर्वेला होता. दुसरा काही पुरावा नव्हता... त्या एका वाक्यावर झाड फिरवलं आणि लावलं.

पुढे उरलीसुरली पानंही गळाली. मी रोज सकाळी नखाने साल टोकरून हिरवं दिसतंय का बघायचो आणि कामाला लागायचो. मावशी रविवारीही बागेत दिसायच्या, सुट्टी असून. मला वाटलं, असेल काही काम.

काल पालवी दाखवायला मावशींना हाक मारली. बराच वेळ त्या वर बघत राहिल्या, मग पदराने तोंड पुसलं.

"साहेब, अडीच महिने धड जेवले न्हाई मी. माझं चुकलं असतं तर झाडबी गेलं असतं अन् तुमची नोकरीबी. लई भ्याले होते."

मीटिंगमध्ये जबाबदारी माझी म्हणालो ते चारचौघांत, जोरात... या बाईने तेवढीच जबाबदारी घेतली होती, आणि ती घेतल्याचं आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.