जिना उभाच होता

बदलापूरच्या एका साइटवर स्लॅब चालू होता. मिक्सरच्या घरघरीत फोन ऐकू येईना, म्हणून मी एक मजला खाली उतरलो. फोन प्रज्ञाचा होता, शैलाच्या मुलीचा. "भोईरकाका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. वरून मुकादम हाका मारत होता. काँक्रीट एकदा सुरू झालं की मधेच थांबवता येत नाही. मी वर गेलो, स्लॅब पुरा होईपर्यंत उभा राहिलो, आणि मगच अंबरनाथला निघालो. कुणाला हे विचित्र वाटेल, पण शैलाला वाटलं नसतं. स्लॅब अर्ध्यावर सोडून मी तिच्या दारात गेलो असतो, तर तिनेच डोळे उघडून मला परत पाठवलं असतं, असं रस्ताभर वाटत राहिलं...

शैलजा कांबळे. जुन्या इमारती तपासून त्या किती तग धरतील हे सांगणारी इंजिनिअर. आम्ही डिप्लोमाला एका वर्गात होतो. ती अंबरनाथची, वडील कारखान्यात कामाला. मी बारवी धरणाच्या वाटेवरच्या गावातला, घरची भातशेती. डिप्लोमानंतर ती पुढे शिकली आणि मी सेंटरिंगच्या धंद्यात पडलो, म्हणजे बांधकामाला आधार देणारे लोखंडी जॅक, फळ्या, परांची पुरवायची. तिने इमारत बघायची आणि मी टेकू द्यायचे, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. ती मला कायम 'भोईर' म्हणाली आणि मी तिला शैला. गावी आली की माझी आई तिच्या ताटात तांदळाची भाकरी वाढत राहायची, "खा गो पोरी, किती सुकलीस," असं म्हणत. शैला खायचीही भरपूर.

कामात मात्र ती त्रासदायक होती. गिऱ्हाइकाला उत्तर हवं असतं, आणि शैला सुरुवात करायची ती आपल्याला काय काय माहीत नाही इथून. पाया किती खोल आहे माहीत नाही, आत किती लोखंड घातलंय माहीत नाही, वरच्या मजल्यावाल्याने भिंती काढल्यात का माहीत नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात एका शेडची जमीन मशीन चालू नसतानाही थरथरायची. शैला कित्येक दुपारी तिथे जाऊन बसली, चप्पल काढून, तळवे जमिनीला लावून. शेवटी तिने मालकाला सांगितलं, मला कारण सापडलेलं नाही. तो चिडला आणि त्याने दुसरा माणूस आणला. दुसऱ्याने काहीतरी सांगितलं, त्यांनी काहीतरी केलं, आणि शेड बहुतेक अजून थरथरतच असेल. पुढे कित्येक वर्षांनी, भलत्याच विषयावर बोलताना, शैला मधेच म्हणायची, "त्या शेडचं काय असेल रे?"

मला सांगायचंय ते मात्र उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या इमारतीचं. पावसाळा नुकताच संपला होता. सकाळी खालच्या कापडवाल्याने दुकान उघडायला घेतलं, तर शटर अर्ध्यावर अडकलं. त्याला वाटलं पट्टी वाकली असेल. पण पट्टी वाकलेली नव्हती, वरची तुळई खाली आली होती. शेजारच्या कॉलमचा गिलावा फुटून आतलं लोखंड बाहेर फुगलं होतं. लोकांनी आरडाओरडा केला, आणि अर्ध्या तासात चारही मजले रिकामे झाले. मी जॅकचा टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा शैला रस्त्यावर उभी होती. "उतरवू नको," ती म्हणाली. दुकानाखाली जुनी पाण्याची टाकी होती, लष्करी छावणीच्या काळातली, आणि तिचं झाकण किती जाड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथे जॅक उभे केले असते तर भार घेऊन ते खालीच घुसले असते. म्हणजे माझा टेम्पो बिनकामाचा. नेहमीचं उत्तर तिथेच संपलं.

आणि इमारत पूर्ण रिकामी झालेलीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मोहनभाईंची आई अजून वरच होती. सगळे तिला अम्मा म्हणायचे. अंथरुणाला खिळलेली, अंगाने जड, नाकाला ऑक्सिजनची नळी. मोहनभाई तिच्यापाशीच थांबले होते. जिना नेमका त्या फुटलेल्या कॉलमला लागून होता, आणि सकाळी सगळी माणसं धावत उतरल्यानंतर त्याचा मधला टप्पा भिंतीपासून सुटला होता. फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. अम्माला खाटेसकट उतरवायचं तर सहा-आठ माणसं एकदम त्या टप्प्यावर येणार. अग्निशमनची शिडीची गाडी गल्लीत शिरत नव्हती. दोराने खिडकीतून सोडावं तर तो भार पुन्हा त्याच बाजूला. शैला एकटी, भिंतीला चिकटून, त्या जिन्याने वर गेली.

खाली आली ती एक विचार घेऊन. कॅम्पातल्या इमारती एकमेकींना खेटून असतात. शेजारची इमारत चांगली होती, आणि मोहनभाईंच्या खोलीची भिंत त्या बाजूला होती. दोन्ही भिंतींना भोक पाडलं तर अम्माला आडवंच पलीकडे सरकवता येईल. ऐकायला सोपं. पण इमारत अशी बसायला लागली की साध्या विटांच्या भिंतीही नकळत भार उचलू लागतात. कुठली भिंत नुसती उभी आहे आणि कुठल्या भिंतीने घर पेललंय हे बाहेरून दिसत नाही. चुकीच्या जागच्या विटा काढल्या तर आपल्याच हाताने इमारत पाडल्यासारखं. अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, असं आधी कुठे केलंय का?

"नाही," शैला म्हणाली.

"मग कशाच्या भरवशावर करायचं, मॅडम?"

"जिन्यावर आठ माणसं चढवली तर काय होईल याची मला भीती आहे आणि ती मोजता येतेय. भिंतीचं काय होईल ते पूर्ण माहीत नाही, पण थोडंथोडं तपासत जाता येईल. जिन्यावर तपासायला वेळ मिळणार नाही."

त्यांनी गल्ली रिकामी करायला सांगितलं.

शेजारच्या तिसऱ्या मजल्यावर एक भाभी राहायच्या. त्यांच्या बेडरूमची भिंत फोडायची होती. "मेरी बिल्डिंग को कुछ हुआ तो?" त्यांनी विचारलं. शैला खाली गेली, त्यांच्या इमारतीचे सगळे कॉलम बघून आली, आणि मग म्हणाली, "आपकी बिल्डिंग ठीक है. दीवार मैं बनवा के दूँगी." भाभींनी स्वतःच कपाट ओढायला सुरुवात केली.

आता भिंतीतली भार नसलेली जागा शोधायची. शैला पुन्हा एकटी त्या जिन्याने वर गेली आणि तिने मोहनभाईंकडे अम्माचा जुना एक्सरे मागितला. ते गोंधळले, पण त्यांनी दिला. तिने कात्रीने त्याच्या पट्ट्या कापल्या आणि भिंत जिथे वरच्या तुळईला टेकते तिथल्या रेघेत ती पट्टी सरकवून बघू लागली. जिथे पट्टी जात नाही, तिथे तुळई भिंतीवर बसलीय. जिथे जाते, तिथे भिंत मोकळी. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं... नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, तिथे उभी राहिल्यावर सुचलं. स्वयंपाकघराच्या बाजूने पट्टी कुठेच जाईना. खिडकीपाशी जाईना. देव्हाऱ्याच्या मागे मात्र ती सुळकन आत गेली, हातभर रुंदीत, मग आणखी थोडी. मोहनभाईंनी एक मिनिट मागितलं, हात जोडले, देव्हाऱ्यातली झुलेलालची तसबीर काढून अम्माच्या पोटाशी ठेवली, आणि देव्हारा उतरवला.

माझ्याकडे काम करणारा इस्माईल मिस्त्री तसाच एकटा वर गेला. हातोडा वापरायचा नाही, असं शैलाने बजावलं होतं. करवतीच्या पात्याने विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचं आणि एकेक वीट हाताने ओढून काढायची, दोन्ही बाजूंनी. मला तिने खाली कॉलमपाशी उभं केलं. कॉलमच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवली होती. भेग जरा जरी हलली तरी काच तडकते. माझं काम फक्त त्या काचेकडे बघत राहणं आणि फोन चालू ठेवणं. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही. फोनमधून खरवडल्याचा आवाज यायचा, मधेच अम्माचं कण्हणं, मोहनभाईंचं सिंधीत काहीतरी समजावणं. कॉलममधून मधूनमधून वाळू झरायची. गल्लीच्या तोंडाशी शेकडो माणसं, पण आवाज नाही...

दुपार कलली असेल. काच टक्कन वाजली. मी डोळे मिटले नव्हते, तरी तडा पडताना मला दिसला नाही, पडलेला दिसला.

"शैला, तडा गेला."

खरवडणं थांबलं. "फट आहे का? नख जातंय?"

मी कॉलमला जाऊन भिडलो. तड्यावरून नख फिरवलं. "नाही जात."

"नीट बघ, भोईर."

"नाही जात."

नंतर मला तिचा आवाज ऐकू आला, माझ्याशी नाही, वरच्यांशी. ज्याला उतरायचं असेल त्याने आता एकेकट्याने उतरून जा, मी कुणाला थांबवणार नाही. मोहनभाई म्हणाले, "अम्मा को छोड़ के कहाँ जाऊँ?" इस्माईलचं खरवडणं पुन्हा सुरू झालं. "तिथेच थांब," शैला मला म्हणाली. मी थांबलो. त्यानंतर काचेत बदल झाला नाही, पण मला दर क्षणाला तो होताना दिसत होता.

शेवटी भोक पुरेसं मोठं झालं, आणि अम्मा चादरीवरून सरकत सरकत भाभींच्या पलंगावर गेली. पाठोपाठ मोहनभाई, मग इस्माईल, सगळ्यात शेवटी शैला. शेजारच्या इमारतीच्या दारातून ती बाहेर आली तेव्हा केसांत विटांची लाल धूळ होती. कुणीतरी चहा दिला. तिने कप तसाच मला दिला आणि भाभींच्या पायरीवर बसून राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढे इमारत पाडायची ठरली. बिऱ्हाडं विखुरली, मोहनभाई अम्माला घेऊन बदलापूरला भाड्याच्या खोलीत आले. पाडकामाच्या दिवशी शैला मला घेऊन गेली. मशीनने वरचे मजले उतरवले, दुकानं गेली, तो कॉलम गेला. जिना मात्र उभाच. अगदी शेवटी मशीनने हाणला तेव्हा कुठे पडला. त्या इमारतीतलेच एक गृहस्थ आमच्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बघा मॅडम, जिना तर उभाच होता. उगाच एवढं घाबरवलंत सगळ्यांना." शैलाने मान हलवली. गाडीत ती म्हणाली, "मला वाटत होतं तो आपणहून पडावा. माणसांची घरं जात होती आणि मी जिना पडायची वाट बघत होते. पडला असता तर मला कळलं असतं." मी म्हणालो, रिकामा जिना उभा राहणं आणि आठ माणसांखाली उभा राहणं यात फरक आहे. "तो फरक मलाही माहीत आहे," ती म्हणाली, "पण पुरावा नाही."

पुढे शैला आजारी पडली, आणि तो आजारही तसलाच निघाला, कशाचीच खात्री नसलेला. मुंबईच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर होती. शैलाने तिला पहिल्यांदा विचारलं ते हेच, तुम्हाला काय माहीत नाही ते आधी सांगा. त्या मुलीने खुर्ची पुढे ओढली आणि खरंखरं सांगितलं. असे रुग्ण फार थोडे, ठरलेले उपचार नाहीत, दोन वाटा आहेत आणि दोन्हींची खात्री नाही. शैलाचा नवरा सुनील मला नंतर म्हणाला, त्या खोलीत घाबरलेला मी एकटाच होतो. शैलाने एक वाट निवडली. वर्षभर ती बरी होती, कामावर येत होती. मग तब्येत पुन्हा खालावली. शेवटच्या भेटीत मला राहवलं नाही. मी विचारलं, दुसरं औषध घेतलं असतं तर? तिने उशीवर मान वळवली. "ते आता कळणार नाही. तेवढं सोडलं तर मी ठीक आहे. तुझा स्लॅब कधी आहे?"

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोहनभाई आले होते, मागच्या रांगेत बसून गेले. आम्ही एकमेकांचे हात धरले. परवा मी पुन्हा अंबरनाथ पश्चिमेला तिच्या घरी गेलो. तिच्या कामाच्या खोलीत सुनील बसला होता. टेबलाशेजारच्या भिंतीवर, खुर्चीत बसल्यावर हात पोचेल तिथे, रंग उडालेला एक मळकट डाग आहे. फोनवर कुणाचं ऐकताना शैला तिथे बोटाच्या पेरांनी ठकठक करत बसायची, नकळत, वर्षानुवर्षं. सुनील म्हणाला, घराला रंग काढायचाय, प्रज्ञाने रंग निवडलाय, रंगारी येऊन बघूनही गेला. "त्याने विचारलं, हे घासून लांबी-पुट्टी भरून घेऊ का. मी म्हटलं, सांगतो."

तो माझ्याकडे बघत होता. मी तिच्या खुर्चीत बसलो, डागावर पेरं टेकवली.