सत्तावीस आणि बहात्तर

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साठ सालाच्या सुमारास ती बेंगळुरात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. चिकपेटेतल्या आमच्या गल्लीत नोकरी करणारी ती पहिली मुलगी. कामावर ती चार भाषांत बोलायची, पण घरात तिचं नाव होतं 'वेंधळी'. लहानपणी तिच्या हातून दुधाचं भांडं पालथं झालं, तेव्हा आमचे वडील, अण्णा, तसं म्हणाले आणि तो शब्द घरात रुळला. आम्ही हसायचो. तीही हसायची. अण्णा छापखान्यात प्रुफं तपासायचे. चुका हुडकणं हा त्यांचा धंदाच होता.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी धारवाडला ट्रंक कॉल मागितला. नंबराच्या शेवटी सत्तावीस होते, अक्कानं चिठ्ठीवर बहात्तर लिहिलं. फोन भलत्याच घरी लागला. चूक उमगून बरोबर नंबर मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि तिकडून कळलं की त्यांची आई नुकतीच वारली. अक्का लाइनवरच होती. तिनं माफी मागितली. ते हळू आवाजात म्हणाले, "होगली बिडि, अम्मा." जाऊ द्या, बाई.

"त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," अक्का मला कितीदा तरी म्हणाली.

कचेरीत ताकीद मिळून विषय संपला. तिच्या मनात तो संपेना. तांदूळ निवडताना ती मध्येच थांबायची. "वेळेवर लागला असता तर ते आईशी बोलले असते."

"त्या बोलण्याच्या स्थितीत नसतीलही, अक्का."

"असतीलही."

आधी तिला ती एक चूक छळत होती. मग तिच्या मागोमाग शाळेत चुकलेली गणितं आली, मोडलेली सोयरीक आली, ते दुधाचं भांडंही आलं. "मी आहेच तशी," असं ती म्हणू लागली. जेवण कमी झालं, वेणी घालणं सुटलं, कामावर जाणं बंद झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

आईला वाटलं, पोर थकली आहे. तिनं अक्काला आनेकलला आत्याकडे पाठवलं. आत्या मायेची, तिला कुठल्याच कामाला हात लावू देईना. पंधरा दिवसांनी मी आणायला गेले, तर अक्का आणखी वाळली होती. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "तिथे विचार करायला वेळच वेळ होता गं." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, कशाला आली."

मी घरी येताच ते अण्णांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. लोक काय म्हणतील म्हणून आई रडली, अण्णांनी ऐकलं नाही. मीही बरोबर होते.

डॉक्टरबाईंनी खूप प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही वेंधळ्या आहात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? आहेच मी."

अण्णा टोपी हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मी सांगितलं. ती पाच वर्षांची होती."

गोळ्या सुरू झाल्या. विचारांचा भोवरा सुरू झाला की पडून राहू नका, कुणाशी तरी बोलत हातानं काहीतरी करा, असं बाईंनी बजावलं होतं. अण्णा छापखान्यातून लवकर येऊ लागले. दोघं पडवीत बसून शेंगा सोलायचे. एके संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून एक जुनं कॅलेंडर काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"यातली एकादशी बघ."

तिनं तिथ्या मोजल्या. "ही एक दिवस अलीकडे छापलीय."

"प्रूफ मी तपासलं होतं. अर्ध्या पेटेनं दशमीला उपास केला. तुझ्या आजीनंसुद्धा."

"तिला सांगितलंत?"

"छे. अजून कोणाला सांगितलेलं नाही."

अक्का हसली. बऱ्याच महिन्यांनी. अण्णाही हसले, आणि मग उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

त्या हसण्यानं ती बरी झाली असं नाही. कामावर परत जायला तिला आणखी चार महिने लागले, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा ती अर्ध्या वाटेवरून घरी आली. तिसऱ्यांदा अण्णा कचेरीच्या फाटकापर्यंत सोबत गेले. पुढे वर्षभर जात राहिले. पुढच्या काळातही तिचे वाईट दिवस आले. तेव्हा ती स्वतःच मला म्हणायची, "आज ते सुरू झालंय. जरा माझ्याजवळ बस." मी निवडायची भाजी घेऊन तिच्याशेजारी बसायचे.