अकरा शेतांचे नंबर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल लिहायला बसलो की मी वडिलांबद्दलच लिहायला लागतो आणि मग सगळं खोडून टाकतो. या वेळी खोडायचं नाही असं ठरवलंय. जमेल की नाही माहीत नाही.

आमचं घर मेंढ्यांचं. गाव ताडकळसच्या बाजूला. दिवाळी झाली, रानं मोकळी झाली की दादा आणि माय कळप घेऊन निघायचे. दादा म्हणजे आमचे वडील. पोखर्णीवरून पुढे गोदावरीच्या अंगाने सोनपेठकडे, आणि उन्हाळा सरता सरता परत. वाटेत एकेका शेतात दोन-चार रात्री मेंढ्या बसवायच्या. शेताला लेंडीखत मिळतं, आम्हाला जवारी आणि कळपाला चारा. अशी अकरा शेतं ठरलेली होती. ठरलेली म्हणजे कुठे लिहिलेली नव्हती. आजोबांनी दादांना प्रत्येक बांधावर नेऊन उभं केलं होतं आणि शेतमालकाला सांगितलं होतं की हा माझा ल्योक, आता ह्यो येईल. मालकाने चहा पाजायचा आणि स्वतः चालत जाऊन जागा दाखवायची, इथून इथपर्यंत. तेवढं झालं की त्या वर्षापासून ते शेत त्या माणसाचं, म्हणजे मेंढ्या बसवण्यापुरतं.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. परभणीला कॉम्प्युटरला होतो. प्रोजेक्टला जो विषय मिळाला तो घरी कुणाला सांगता येईना, पण दादा विचारायचे म्हणून एकदा सांगून पाहिला. लिनक्सवर चालणारी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिमची चौकट आम्हाला बांधायची होती. एरवी एका प्रोग्रामला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक असला की तो जाऊन दार वाजवू शकतो. आमच्या चौकटीत नुसता पत्ता ठाऊक असून उपयोग नव्हता. ज्याच्याशी बोलायचं, त्याच्या दाराचा हक्क आधी हातात पाहिजे, आणि तो हक्क ज्याच्याकडे आहे त्यानेच पुढे द्यायला पाहिजे. या हक्काला केपेबिलिटी म्हणतात. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग येवढ्याला चार वर्षं कामून लागायलेत?" माय हसली. मीही हसलो.

त्या दिवाळीत दादा म्हणाले, "यंदा चल संगं. आठ दिस. माणसं दावतो, बांध दावतो. मग जा तुज्या कालिजात."

मी नाही म्हणालो. प्रोजेक्ट अडकला होता आणि सुट्टी संपली की पहिली तपासणी होती. हे कारण खरं होतं. पण फक्त तेवढंच नव्हतं. वर्गातल्या कुणी मला कळपामागे रस्त्याने जाताना पाहिलं तर, हेही मनात होतं. दादांना मी दुसरा उपाय सांगितला. तुम्ही नावं सांगा, मी मोबाइलमध्ये घालून ठेवतो, गाव आणि नंबरसकट, म्हणजे कधीही फोन करता येईल. दादांनी त्यांचा बटनांचा मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, नंबर कुठला कुणाचा हे ते त्याच्या जागेवरून ओळखायचे. अंगणात बसून आम्ही अकराच्या अकरा उतरवले. मला फार बरं वाटलं. काहीतरी पक्कं केलं असं वाटलं. दादा नंतर एवढंच म्हणाले की बघ बाबा, तुला ठाव. ते आणि माय निघून गेले.

प्रोजेक्ट कशात अडकला होता तेही सांगायला हवं. लिनक्समध्ये तो हक्क फाइल डिस्क्रिप्टर म्हणून ठेवता येतो. प्रोग्रामला तो नुसता आकडा दिसतो, तीन, पाच, सात. त्या आकड्यामागे खरं काय आहे ते कर्नल सांभाळतं, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसलेली मूळ यंत्रणा. माझा एक प्रोग्राम दुसऱ्याला हक्क पाठवायचा आणि दुसऱ्याने तो वापरला की लगेच चूक यायची, असा डिस्क्रिप्टरच नाही म्हणून. उरलेली सुट्टी मी होस्टेलच्या खोलीत तेच पाहत बसलो. सुट्टीनंतर प्रोजेक्टच्या मॅडमनी माझा कोड वाचला आणि त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

"अरे, तू आकडा पाठवलास," त्या म्हणाल्या. "सात हा तुझ्या प्रोग्रामचा सात. त्याच्याकडे सातावर काहीच नाही. हक्क द्यायचा तर कर्नलला मध्ये घ्यावं लागतं. ते स्वतः त्याच्या यादीत जागा करून देतं. मग तिथे त्याचा आकडा चार असेल नाहीतर नऊ, त्याने काही बिघडत नाही."

सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या बोलण्याच्या वाटेवरून, निरोपासोबत डिस्क्रिप्टर पाठवायची वेगळी रीत असते, ती वापरली आणि दुपारपर्यंत चाललं. मी दादांना फोन केला. ते सोनपेठच्या अलीकडे होते. झालं म्हणालो. म्हणाले, बेस झालं.

संक्रांतीच्या आधी दादा गेले. शेतातच, सकाळी वाघर काढताना. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी. छातीत दुखतंय म्हणून बसले आणि उठले नाहीत. माय सोबत होती. कळप चुलतभावाने गावाकडे आणला, पण त्याला त्याचं काम होतं आणि गावात एवढ्या मेंढ्यांना चारा नव्हता. तेरावा झाल्यावर घरात एकच प्रश्न उरला. पुढची शेतं मिळाली तर एक गडी लावून माय कळप चालवू शकत होती. नाही मिळाली तर कळप विकायचा. माय महिनाभर घराबाहेर पडणार नव्हती, तशी आमच्यात रीत आहे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, माझ्याकडे सगळे नंबर आहेत.

अकराही जणांना फोन केले. दादा ज्या पाच शेतांत बसून झाले होते तिथले लोक हळहळले आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. उरलेल्या सहांपैकी दोन नंबर लागलेच नाहीत. एका ठिकाणी मुलाने उचलला, त्याला मेंढ्यांचं काही माहीतच नव्हतं. दोघांनी नाव विचारलं, दादांचं नाव ऐकून वाईट वाटलं म्हणाले, आणि यंदा राहू द्या म्हणाले. एक जण म्हणाला, येऊन भेट.

मी एसटीने गेलो. रस्त्यापासून आत चालत गेलो तर मालक हरभऱ्याच्या कडेला उभे होते. दादांच्या वयाचे. मी सांगितलं मी कोण. त्यांनी माझे बूट पाहिले, पाठीवरची बॅग पाहिली.

"तुजा बाप लय सालस मानूस," ते म्हणाले. "पर तुला मी वळखत न्हाई, पोरा."

मी मोबाइल काढून त्यांचं नाव, त्यांचा नंबर दाखवला. दादांनीच दिलाय म्हणालो.

"नंबर काय, कुनाकडं बी असतोय. उद्या तुजी मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली तर तो माझ्या दारी येईल. मी कुनाला धरू? तुज्या बापाला त्याच्या बापानं हितं आनून उभं केलतं. माजा बाप व्हता तवा. तुला एक डाव आनलं असतं, तर मी आज जागा दाखवायला चाललो असतो."

त्यांनी चहा विचारला. मी नको म्हणालो. ते वाईट माणूस नव्हते, हे मला तिथेच कळत होतं. तिथे मला मॅडमचं वाक्य आठवलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खोटं होईल. तिथे मला फक्त लाज वाटत होती. वाक्य बऱ्याच दिवसांनी आठवलं, आणि आठवल्यावर बरेच दिवस प्रोजेक्ट उघडवला नाही.

घरी आल्यावर मी मायला म्हणालो, महिना भरला की तू चल माझ्यासोबत, तुला तर सगळे ओळखतात. ती म्हणाली, वळखत्यात, पर माझं त्यांच्यासंगं कधी बोलनं न्हाई, बोलनं तुज्या दादांचंच. मग मी कॉलेज सोडतो म्हणालो. तिने भाकरी वाढली.

फायनल तपासणीला बाहेरचे सर आले होते. आमची चौकट नीट चालली. त्यांनी विचारलं, हक्क देणारा प्रोग्रामच बंद पडला तर? मी सांगितलं, दिल्यानंतर बंद पडला तर घेणाऱ्याचा हक्क तसाच राहतो, कर्नलने त्याच्या यादीत ठेवलेला असतो. आणि द्यायच्या आधी पडला तर? तर कुणालाच काही मिळत नाही सर, मी म्हणालो. बरोबर, म्हणाले, आणि पुढच्या पानावर गेले.

कळप त्याआधीच विकला होता. घेणारा सोनपेठकडचा, आमच्यातलाच माणूस. त्याने दोनदा हाक दिली तरी मेंढ्या वाघरीतून निघेनात. नव्या माणसाच्या हाकेला त्या येत नाहीत. अशा वेळी जुना धनी एक मुक्काम सोबत चालतो, दोघं मिळून हाक देतात, मग जुना हळूहळू गप्प होतो. माय पदर खोचून उठली. महिना नुकताच भरला होता. मी म्हणालो, तू राहू दे, मी जातो.

"तू कुठं?" ती म्हणाली. "त्यांना तू ठाव न्हाईस."

रागाने नाही म्हणाली. जे आहे ते सांगितलं.

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत आली तेव्हा मी फाट्यावर थांबलो होतो. दारात पाय धुताना ती म्हणाली, "सकाळी त्याच्या हाकंला उठल्या. मी बोललेच न्हाई."

मग आत जाऊन तिने चूल पेटवली.