शिवेवर अडकलेली सायकल

दिग्रसहून एकटाच सायकलवर निघून, घाट चढत-उतरत झरी जामणीच्या जंगलात पोचलो. तोवर त्या रस्त्याने मला एकदाही सुखाने जाऊ दिलं नव्हतं. चढावर डांबर उखडलेलं, उतारावर गिट्टी सुटलेली. ट्रकवाले मुद्दाम गाडी अंगावर घालायचे आणि हसायचे. एका टपरीवर चहावाल्याने विचारलं, "गाडी घ्याले पैसे नाही काय, मास्तर?" मी म्हटलं, आवड आहे. तो गिऱ्हाइकांकडे वळला. "पाहा, जास्त शिकलं का मानूस असा होते."

आमच्या घरात पदवी घेतलेला मीच पहिला. पदवीने नोकरी दिली, नोकरीने ही सायकल. दोन्हींचे उपकार मी मानतो. म्हणून ते वाक्य पुढचा सगळा चढ डोक्यात घुमत राहिलं.

एप्रिल होता. सागाला पान नव्हतं. जंगल होतं, सावली नव्हती. उतार संपता संपता एक पोड दिसलं, म्हणजे कोलामांची लहानशी वस्ती. माझ्याकडे सायकलच्या दांडीला लावलेल्या बाटलीत थोडंच पाणी उरलं होतं. हातपंपावर भरून घेऊ, या विचारात वेग कमी केला नाही. रस्त्यावर आडवी ओढलेली राखेची रेघ दिसली आणि ब्रेक दाबला, तेव्हा पुढचं चाक तिच्यापलीकडे गेलेलं होतं. पाय मी अलीकडे टेकले.

काठ्या घेतलेली, अनवाणी माणसं धावत आली. आधी आपसात कोलामीत बोलली. मग एक म्हातारा माझ्यावर ओरडला.

"हालू नोको! कायले आला?"

"बाबा, मले फक्त पानी पायजे. पुढं जातो."

"आज गाव बांधून राह्यलो. आत कोनी येत नाही, बाहेर कोनी जात नाही. डोये नाही काय तुले?"

गाव बांधतात हे मी ऐकलं होतं. रोगराई बाहेर राहावी म्हणून एक दिवस शीव बंद करतात, पूजा होते, तोवर सगळे आत. पण ऐकलेलं ते, माझ्या चाकाखाली येईल असं वाटलं नव्हतं.

"मंग मी सायकल मागं घेतो," मी म्हणालो.

"चाक आत आलं न? आता ते बाहेर कसं जाईन?"

"मंग मीच आत येतो."

"तू कायले? तुहे पाय बाहेर हायेत."

मागून एक तरुण म्हणाला, "कापा सायकल मधातून." सगळे हसले, म्हातारा सोडून. त्याने हँडल धरून सायकल आत ओढली. पिशव्या गेल्या, बाटलीही गेली.

"बाबा, बाटली तरी द्या."

"आतलं बाहेर जात नाही. दिवस बुडाला का ने."

मला राग आवरला नाही. "हा रस्ता सरकारी आहे," मी ओरडलो.

"मंग सरकारले माग पानी," तो तरुण म्हणाला.

मागे आख्खा घाट होता. गाडी एकही येत नव्हती. तापलेल्या दगडावर टेकलो तर बसवेना, उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. जीभ टाळूला चिकटत होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी तो तरुणच वैतागून बोलला, "येथं मरू नोको. मागच्या नाल्यात जाय, रेतीत उकर. ढोरं पेतात, तू बी पे."

नाला कोरडा होता. हातांनी रेती उकरली, नखं फाटली, तेव्हा कुठे तळाशी गढूळ पाणी झिरपू लागलं. शेणाचा वास येत होता. दुपट्ट्यातून गाळून प्यालो, थांबून पुन्हा प्यालो.

दुपारभर गावातून ढोल ऐकू येत राहिला. दिवस बुडाल्यावर म्हाताऱ्याने पायाने रेघ पुसली आणि म्हणाला, "ने."

"माह्यामुळे काही बिघडलं काय, बाबा?" मी विचारलं. दिवसभर रागाखाली हीच भीती होती.

"नाही. सायकल गावातली म्हणून धरली," तो म्हणाला. "तू नाही."

गावातून सायकल ढकलत निघालो. हातपंपावरच्या बाया बाजूला झाल्या. मी बाटलीतलं कोमट पाणी ओतून टाकलं आणि पंप मारू लागलो. मागून म्हातारा ओरडला, "भर अन् चाल!"

भरली. पुढे लगेच चढ होता.