आत्तींची बेगमी

लग्न होऊन मी इचलकरंजीहून कोल्हापुरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, मला पोटमाळा दाखवला. दुसऱ्या घरी नव्या सुनेला देवघर दाखवतात, दागिने दाखवतात. आत्ती शिडी लावून स्वतः पुढं चढल्या आणि वरून म्हणाल्या, "ये वर. पदर खोच आधी."

वर पत्र्याचे डबे आणि पिंपं ओळीनं लावलेली. गहू, शाळू, तांदूळ, एरंडेल चोळलेली तूरडाळ. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली रचलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, त्यांच्या शेजारी दोराचं वेटोळं, दोन कंदील, तुरटीचा खडा आणि काचेच्या बरणीत काड्यापेट्या. बरणीच्या झाकणाभोवती मेण ओतलेलं होतं. आत्ती एकेक झाकण उघडत आणि मला वास घ्यायला लावत. किडा डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतो, असं त्यांचं म्हणणं.

माझं माहेर यंत्रमागवाल्यांचं. वडील मागावर, पाळी बदलली की घराचं जेवणखाण बदलायचं आणि आठवड्याचा बाजार आठवड्यात संपायचा. एवढं धान्य मी दुकानातच पाहिलं होतं. नवऱ्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, आईला असंच आहे, तू फक्त काही टाकू नकोस.

काही टाकायचं नाही हे शिकायला मला फार वेळ लागला नाही, कारण टाकलेलं परत घरात यायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत. साबणाचे झिजलेले तुकडे जुन्या मोज्यात जमा होत आणि तो मोजा न्हाणीत टांगलेला असे. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जाई. जुन्या लुगड्यांच्या वाकळी होत, आणि वाकळ फाटली की ती दुसऱ्या वाकळीच्या पोटात जाई. पाहुणे आले की ती दुधाच्या पिशव्यांची दोरी मी हळूच मागच्या बाजूला सरकवायची. आत्ती ती हळूच पुढं आणायच्या, कारण ऊन पुढं होतं.

काड्यापेट्यांच्या बरणीवरच्या मेणाचं मात्र मी एकदा विचारलंच. आत्तींचं माहेर मुरगूडकडचं, नदीच्या काठचं. त्या लहान असताना एका रात्रीत घरात पाणी शिरलं. माळ्यावर धान्य होतं, सरपण होतं, भांडी होती. पण घरातली एकूण एक काडी भिजली होती. "भरल्या घरात आमी भिजल्यालं हरभरं खाल्लं बघ," त्या म्हणाल्या. "कच्चं. माझी आई काडी घासत हुती आन् रडत हुती." तेवढं सांगून त्या मिरच्यांचे देठ काढायला लागल्या.

मग काही वर्षांनी तो मोठा पूर आला. आमचं घर चढावर, त्यामुळं पाणी आत येण्याचं भय नव्हतं. पण आमची गल्ली खाली पंचगंगेच्या बाजूला उतरत जाते आणि तिच्या टोकाची घरं दरवेळी सगळ्यांच्या आधी बुडतात. आत्ती सकाळी नदी बघून आल्या आणि घरातली सगळी भांडी पाण्यानं भरायला लागल्या. बादल्या, कळशा, पिंप, शेवटी माझा मिक्सरचा मोठा जारसुद्धा. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले. पाणी उपसणारी यंत्रंच पाण्याखाली गेली होती. नवरा फौंड्रीत कामाला, तो हायवेच्या पलीकडं अडकला. फोन करून म्हणाला, इथंच राहतोय, माझी काळजी करू नका. मग लाईट गेली आणि फोनही गेला. घरात आत्ती, मी आणि माझी लहान मुलगी.

त्या दुपारी दारात गल्लीच्या टोकाचं टेलरचं कुटुंब उभं राहिलं. टेलर, त्याची बायको, दोन मुलं आणि त्याची म्हातारी आई, जिला सगळी गल्ली खाला म्हणते. टेलरनं शिलाई मशीनचं डोकं रेनकोटात गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. खालाच्या हातात पत्र्याची पेटी. आत्तींची आणि तिची ओळख रस्त्यातल्या हसण्यापुरती होती.

खाला म्हणाली, "आक्का, आजच्या दिवसापुरतं."

"दिवसापुरतं कशाला? पाणी उतरस्तवर ऱ्हावा," आत्ती म्हणाल्या. "आन् आधी पाय पुसा, पोरं गारठल्यात."

घर भरलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी आम्ही धोतराच्या कापडातून गाळून घ्यायचो, तुरटी फिरवायचो, उकळायचो. गॅस संपला तेव्हा गच्चीच्या जिन्यात, पत्र्याखाली, चूल मांडली. बरणीवरचं मेण आत्तींनी स्वतः सुरीनं खरवडून काढलं. पहिलीच काडी पेटली. त्या क्षणभर तिच्याकडंच बघत राहिल्या.

खालाची पेटी उघडली तेव्हा मला हसू आवरेना. आत सुया, दोऱ्याची रिळं, मेणबत्त्या, वाळलेलं आलं, भाजलेल्या चण्यांची पुरचुंडी आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळलेली घराची कागदपत्रं. आत्तींनी एक पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पहिल्यांदाच मान्य केल्यासारखी मान हलवली.

पण दोघींचं जमलं असं म्हणता येणार नाही. आत्ती धान्यात बिब्बे आणि कडुनिंबाचा पाला घालत. खालाचं म्हणणं, पाल्यानं काही होत नाही, राखच पाहिजे. आत्ती म्हणत, राखेनं मूग राहतात, गहू नाही. खाला म्हणे, तिच्या आईचे राहायचे. दिवसभर हेच. कांदे टांगावेत की पसरावेत, मीठ मातीच्या भांड्यात की बरणीत. टेलर आणि मी एकमेकांकडं बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. मुलं तर त्या भांडणाची नक्कल करून खेळायला लागली होती.

एक दिवस पुढच्या डब्यातले गहू संपत आले म्हणून आत्तींनी मागचं मोठं पिंप उघडलं. वरून वास चांगला होता. पण हात खोल गेला तसा त्यांचा चेहरा उतरला. पिंपाचं बूड गंजलं होतं, भिंतीची ओल आत शिरली होती. खालच्या गव्हाचे गोळे झालेले, त्याच्यावर बुरशी, आणि वरच्यात पोरकिडे. आत्ती तिथंच खाली बसल्या. एरवी गल्लीभर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, त्या दिवशी मला वाकून ऐकावा लागला.

"एवढं करून हे असं," त्या म्हणाल्या. "खाणारी तोंडं घरात, आन् माझं पिंप कुजकं."

खाला शिडी चढून वर आली, तिनं पिंपात डोकावून पाहिलं. राखेचा विषय ती आता काढणार असं मला वाटलं. तिनं काढला नाही. ती आत्तींच्या शेजारी बसली.

"आक्का, मागच्या पुरात माझ्या डब्यातलं पीठ फुगून झाकण उडालतं. सगळं घर शाळंत जाऊन जेवलं," ती म्हणाली. "आपुन बेगमी केलीया ते पुराला कुठं ठावं? सूप कुठं हाय तुमचं?"

कुजका भाग दोघींनी वेगळा काढून टाकला. आत्तींनी काही टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वरचा गहू चाळला, पाखडला, निवडला आणि तव्यावर थोडा थोडा परतून घेतला. ऊन नव्हतंच, म्हणून विस्तवाची ऊब. सबंध दुपार दोघी एका सुपापाशी बसून होत्या. जातं नव्हतं आणि लाईटही नव्हती, तेव्हा रात्रीला आम्ही त्या गव्हाची खीर केली. गूळ घातलेली, खालाच्या आल्याची चव असलेली. मुलांनी भांडं पुसून खाल्लं.

पाणी उतरलं तसे आम्ही सगळे झाडू, फावडी आणि चुना घेऊन खाली गेलो. टेलरच्या घरात गुडघाभर चिखल होता, मशीनचं लाकडी टेबल फुगून फाटलं होतं. आत्तींनी ते टेबल पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, मशीन मांडून बस, जागा रिकामीच आहे. नवरा दाढी वाढवून परत आला, तेव्हा त्याच्या खुर्चीवर बसून टेलर कुणाचा तरी परकर शिवत होता. दिवाळीपर्यंत आमच्या सोप्यात मशीन चालली आणि गिऱ्हाइकं चपला काढून आत यायची.

आता दर वैशाखात त्या दोघी गल्लीत घरोघर फिरतात. कुणाकडं किती धान्य आहे, कंदील आहे का, कागदपत्रं उंचावर ठेवली का, हे विचारतात. लोक त्यांना बघून दारं लोटून घेतात, पण फार वेळ लोटून ठेवत नाहीत. नव्या अपार्टमेंटमध्ये एक तरुण जोडपं राहायला आलंय. त्या मुलीनं फोन दाखवून सांगितलं, आजी, आम्ही साठवत नाही, मागवलं की पोरगा लगेच आणून देतो.

खालानं फोनकडं शांतपणे पाहिलं. "बरं हाय की," ती म्हणाली. "त्यो पोरगा पुरात पवतोय न्हवं?"

यंदा मुरगूडहून गहू आणायला सगळ्या गल्लीनं मिळून टेंपो केला. पोती उतरली तेव्हा ते जोडपंही पिशवी घेऊन रांगेत उभं होतं. आत्ती आणि खाला खुर्च्या टाकून बसल्या होत्या, आणि पाला की राख, हे त्या मुलीला एकाच वेळी समजावून सांगत होत्या.