मालकाच्या कपड्यातलं बुजगावणं

मी माळी झालो तो एका थापेवर. त्याआधी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका वर्कशॉपची लादी पुसायचो. ते काम सुटलं आणि कळलं की खलिफा सिटीत एका अरबाच्या व्हिलात माळी पाहिजे. गेलो. मालकाने हिंदीत विचारलं, हेझलनट लावता येतं का? हेझलनट मी चॉकलेटच्या कागदावर बघितलेलं, तेवढीच ओळख. म्हटलं, सर, आमच्या कोकणात घरोघरी. मनात धरलं, असेल काजूचा चुलतभाऊ.

सहा रोपं विमानाने आली. मालक कुठल्यातरी थंड देशात सुट्टीला गेले होते, तिथे झुडपांवर खारी नाचताना बघून खूश झालेले. मी काजूला खणतो तसे खड्डे खणले, खत घातलं, दोन वेळ पाणी. एप्रिल संपेपर्यंत सहाच्या सहा केरसुण्या. मालकाने विचारलं, ये क्या है? मी म्हटलं, सर, थंड देशातली झाडं, झोपलीत.

"मे महिन्यात?" मालक म्हणाले.

मालकाची आई तिथेच खुर्चीत बसलेली. तिला सगळे मामा म्हणतात, इथे मामा म्हणजे आई, म्हणून मीही. मामा हसली आणि अरबीत लांबलचक काहीतरी बोलली. मालकाने तिच्या गावाकडून सहा नवीन रोपं मागवली, सिद्र म्हणून. पानं बघतो तर काय, बोर! आपली काटेरी बोर. लावताना मामा मला हातवारे करून बरंच समजावत होती. मला एक शब्द कळला नाय. मी प्रत्येक वाक्याला इन्शाल्ला म्हणत गेलो. मालकाने मात्र नीट कळेल असं सांगितलं, "ये झाड मामा का है. खराब हुआ तो खलास, व्हिसा कॅन्सल, टिकट, घर."

मग मी त्या बोरींना असं जपलं की बायकोलाही तसं कधी जपलं नाय. तिसऱ्या थंडीत बोरं लागली, आणि लागली तसे बुलबुल आले, पोपट आले. माझं डोकं फिरलं. मी वाढलोय भाताच्या शेतावर पाखरं हाकत. शाळा सोडली तीसुद्धा त्याच कामाला, आणि खरं सांगायचं तर त्या कामातही मी झोपायचो. आता इथे व्हिसा फेब्रुवारीत रिन्यू व्हायचा आणि पाखरं माझा व्हिसा चोचीने खातायत! फांद्यांना जुन्या सीडी लटकवल्या. डबे बांधून त्यांची दोरी माझ्या खोलीपर्यंत आणली, चहा पितापिता ओढायचो. आणि मधोमध बुजगावणं. मालकाने गाडी पुसायला दिलेला जुना कंदुरा, म्हणजे अरबांचा तो पायघोळ झगा, डोक्याला फुटबॉल, वर फडकं. इतकं झकास झालं की पार्सलवाल्याने त्याला सलाम केला आणि सही मागितली.

तीन आठवड्यांत पाखरू फिरकलं नाय. एक बोर कमी झालं नाय. घमेलं भरून मी ऐटीत मामासमोर ठेवलं. वाटलं, आता शाबासकी.

मामा रडवेली झाली. तिने मुलाला हाक मारली. मालक बाहेर आले तेव्हा तिचा आवाज चढलेला, आणि ती बोट दाखवत होती बागेकडे. मालक मधेमधे मला हिंदीत सांगत होते. ही झाडं तिने पाखरांसाठी लावलेली. लहानपणी तिच्या अंगणात अशीच होती, सकाळी सगळं झाड बोलायचं. आता पाखरं का येत नाहीत? "औषध मारा क्या? सच बोल."

मी आईची शपथ घेतली. एवढ्यात मामा पुन्हा काहीतरी बोलली. मालकाने बागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "मामा बोलती है, मैं तीन हफ्ते से उधर खडा हूँ. वो रोज सलाम करती है, मैं जवाब नहीं देता."

तिची नजर अधू, हे मला माहीत होतं. पण माझी चांगली असून काय उपयोग झाला?

मी जाऊन बुजगावण्याचं डोकं काढून आणलं आणि मामाच्या मांडीवर ठेवलं. तिने चाचपलं. फुटबॉल. मग मुलाचं तोंड चाचपलं. आणि जी हसली, ती खोकला लागेपर्यंत. मालक हसले नाहीत. मी मनात बॅग भरायला घेतली, आधी टॉवेल, मग गावच्यांसाठी साबण.

निकाल मामाने दिला. पाखरं परत आली तर हा राहील. आणि तोवर सकाळी दहापर्यंत याने बागेत पाय टाकायचा नाय, कारण बुजगावण्यापेक्षा हाच जास्त भीतीदायक आहे. माळी मी, आणि मलाच बागबंदी. सीडी, डबे, कंदुरा सगळं उतरवलं. काठी तेवढी खोल रुतलेली, ती निघेना.

नऊ दिवस मी किचनच्या काचेला नाक लावून उभा. दहाव्या दिवशी एक बुलबुल आला, त्या काठीवर बसला, इकडेतिकडे बघितलं, खाली शिटला आणि बोलायला लागला. बाहेर खुर्चीत मामाने कान टवकारले, आणि न वळताच माझ्या दिशेने हात वर केला.